देणगीदाराची तोंडी परीक्षा

देणगीदार या माणसांविषयी माझं मत आजही फारसं चांगलं नाही. दिलेल्या पैशापेक्षा स्वतःच्या फोटोची चौकट मोठी करणारे लोक मी सांगली-साताऱ्यात ढिगानं पाहिलेत. पाणपोईवर नाव, बाकड्यावर नाव, स्मशानातल्या शेडवर तर अख्ख्या घराण्याची नावं. निदान तिथं तरी माणसाला सुखानं जळू द्यावं! तरीही हे लिहितेय ते जन्मभर देणग्या गोळा करत हिंडलेल्या एका बाईंविषयी, आणि प्रेमानं लिहितेय. प्रेमानं लिहायची मला सवय नाही. माझा हात पत्रकं लिहून तयार झालेला आहे. त्यामुळे कुठं उद्गारचिन्हं जास्त पडली तर चालवून घ्या.

बाई अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. सगळी नोकरी सांगलीत झाली, आणि निवृत्तीनंतर त्या साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बहिणीच्या घरात खालच्या मजल्यावर राहायला गेल्या. दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांत उपयोजित अर्थशास्त्र घेऊन एम. ए. करणाऱ्या काही मुलामुलींना त्या दोन वर्षं दरमहा पैसे मिळवून देत. पैसे त्यांचे नव्हते. जुने विद्यार्थी, द्राक्षबागायतदार, दातांचे डॉक्टर, निवृत्त सुभेदार अशा माणसांकडून त्या ते काढत. 'काढत' हाच शब्द बरोबर आहे.

या पैशाला शिष्यवृत्ती म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पगार म्हण," त्या म्हणायच्या. "अभ्यास हे काम हाय का न्हाई? उन्हातान्हात फिरतीस, लोकांस्नी विचारतीस, लिवतीस. कामाला पगार असतो. शिष्यवृत्ती कसली? मी काय गुरुकुल काढलंय?" पगार एक तारखेला यायचा. रविवारची सुट्टी सक्तीची. आणि पगाराबद्दल कुणी आभार मानत नसतं, म्हणून आभार मानायला बंदी. कुणी पाया पडायला वाकलं, की बाई दोन्ही पाय उचलून मांडी घालून बसत. एसटी स्टँडवरच्या बाकावर एवढ्या चपळाईनं मांडी घालणारी त्या वयाची दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

आता त्यांच्या भाषेचं सांगते. बाईंना पुस्तकी मराठी उत्तम यायची, इंग्रजी त्याहून उत्तम. पण वर्गात, सेमिनारात, प्राचार्यांसमोर त्या आपल्या गावचंच बोलायच्या. त्या एकदम शुद्ध बोलायला लागल्या, तर समजायचं, समोरच्याचं काही खरं नाही. "आपण जरा बसता का?" असं बाईंनी म्हटल्यावर घाम फुटलेले दोन विभागप्रमुख मला माहीत आहेत.

माझी त्यांची गाठ पडली ती भांडणातून. मी सांगलीला एम. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. वर्गात कमी, फाटकावर जास्त. एका ट्रस्टनं स्कॉलरशिप वाटपाचा कार्यक्रम केला होता. मुलांना स्टेजवर रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाच्या गळ्यात पाटी अडकवली, 'लाभार्थी'. जनावरांच्या प्रदर्शनात बैलाला अडकवतात तशी! मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं, 'आम्ही लाभार्थी नाही', आणि फाटकावर वाटत उभी राहिले. निवृत्त होऊनही पगारांच्या कामासाठी कॉलेजात येणाऱ्या बाईंच्या हातातही एक दिलं. लोक पत्रक घेतात, पुढं जातात आणि वळणावर टाकतात. बाईंनी पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, फाटकातच मांडलं, आणि बसून सगळं वाचलं. (हे स्टूल कायम त्यांच्या पिशवीत. त्यांचं म्हणणं, खुर्ची मागितली की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला खरं कुणी सांगत नाही.)

"तू लिवलंस?"

"हो."

"राग लय हाय."

"असणारच."

"असू दे की. राग चांगलाच हाय. पण ह्याला पत्ता न्हाई. हितं म्हणलंयस, 'ही मुजोर भांडवली व्यवस्था'. ती ऱ्हाती कुठं? कुठल्या गल्लीत? मला तिला चार शब्द सुनवायचं झालं तर कुठं जाऊ?"

मी तडकले. म्हटलं, "तुम्ही स्वतः देणगीदारांच्या बाजूच्या आहात, म्हणून असं बोलताय."

"मी देणगीदारांच्या मानगुटीवर हाय," बाई म्हणाल्या. "बाजूला असणं येगळं." मग स्टूल घडी करून उठल्या. "सोमवारी अभ्यासाची योजना लिवून साताऱ्याला ये. पगार घ्यायचा का न्हाई ते मग ठरव."

मी सोमवारी गेले. घेतला.

बाईंच्या खोड्या सांगायच्या तर पान पुरणार नाही. कुठल्या कार्यक्रमात सत्कार झाला, की त्या माइकवरूनच विचारायच्या, "शाल केवढ्याला पडली?" संयोजक लाजून आकडा सांगे. "ही दुकानात परत द्या आन तेवढं पोरांच्या पगारात टाका. नारळ ऱ्हाऊ द्या, चटणीला हुईल." पहिल्यांदा लोक हसले. मग नाराज झाले. मग इस्लामपूरकडच्या एका संस्थेनं शाल आणलीच नाही, सरळ पाकीट दिलं. बाईंना तो दिवस दिवाळीसारखा गेला.

आणि कॉलेजच्या सूचनाफलकावरच्या त्या तीन शब्दांशी त्यांचं कायमचं वैर होतं: गरीब, गरजू आणि होतकरू. दिसले की त्या हिरव्या पेनानं खोडायच्या. "होतकरू म्हंजे अजून झालेली न्हाई," त्या कारकुनाला सांगायच्या. "आन गरीब तर हिचा बापबी सोताला म्हणत न्हाई. तुमी कोण म्हणणार?" कारकून नवीन सूचना लावी, बाई पुन्हा खोडत. शेवटी त्यानं सूचनेत रिकामी जागाच सोडायला सुरुवात केली. बाईंनी त्याला भडंगाचा पुडा नेऊन दिला.

पण बाईंची खरी करामत वेगळीच होती. आपल्याकडं रीत अशी, की पैसे देणारे टेबलाच्या त्या बाजूला बसणार, बिस्किटं खाणार आणि समोरच्या पोरीला विचारणार: वडील काय करतात, जमीन किती, भाऊ किती, लग्नाचं काय. मला अशाच एका मुलाखतीत एका गृहस्थांनी विचारलं होतं, "एवढं शिकून पुढं सासरी काय उपयोग?" मी काय उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही. बाईंनी हे टेबलच उलटं फिरवलं. मुलांची निवड शिक्षक करत, मुलानं लिहिलेली अभ्यासाची योजना वाचून. तोंडी परीक्षा असायची ती देणगीदाराची. द्यायचंय ना? मग या साताऱ्याला. पगार घेणारी तीन मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील. त्यांना पटलं तर तुमचे पैसे घेऊ. बाई कोपऱ्यात स्टुलावर शेंगा फोडत बसणार. त्यांना मत नाही.

दुसरी अट, एका माणसाकडून ठरलेला एकच वाटा घ्यायचा, माणूस कितीही मोठा असला तरी. "एका पोरीच्या डोक्यावर एकाचाच हात आला, की ती मान वर करत न्हाई," बाई म्हणायच्या. "धा जणांचा पैसा असला म्हंजे कुणाचाच हात न्हाई."

लोक नापासही व्हायचे. आमच्या आधीच्या मुलांनी एका नामांकित डॉक्टरांना नापास केलं होतं. "मुलांकडून तुमची अपेक्षा काय?" या प्रश्नाला त्यांनी "कृतज्ञता" असं उत्तर दिलं म्हणून. डॉक्टर वर्षभर रागावले होते. दुसऱ्या वर्षी आपण होऊन आले. तोच प्रश्न, उत्तर: "काही नाही. फक्त अभ्यास वेळेत पुरा करा." पास.

हे सगळं ऐकायला मजेशीर वाटतं. ज्या वर्षी पैसे कमी पडले त्या वर्षी मजेशीर वाटलं नाही.

माझ्याबरोबर पगार घेणारी अश्विनी कडेगावची. तिचा अभ्यास ठिबक सिंचनावर होता. सरकारी अनुदानावर शेतकरी ठिबकचे संच घेतात. त्यातले काही वर्षभरात बांधावर गुंडाळून पडतात. ते का पडतात, हे ती शेतोशेत हिंडून विचारत होती. निम्मं काम झालं होतं. त्या उन्हाळ्यात बाईंचे दोन जुने देणगीदार वारले, एकाच्या मुलानं 'वडिलांचे छंद' बंद केले, आणि दुसऱ्या वर्षाच्या पगारांची सोय होईना. अश्विनीच्या घरी एक स्थळ वाट बघत होतं. पोरगा फौजेत, घरदार बरं, अश्विनीलाही पसंत. पण तिच्या चुलत्यानं सांगून टाकलं होतं, "पगार हाय तवर शीक. पगार थांबला की परत ये. बारक्याचंबी कॉलेज हाय, दोघांचं कसं झेपायचं?" म्हणजे जूनपर्यंत सोय झाली नाही, तर ते बांधावरचे संच आणि अश्विनीच्या मुलाखती, दोन्ही तसंच गुंडाळून पडणार होतं.

आणि नेमका तेव्हा आष्ट्याच्या एका शेठचा फोन आला. ठिबक, पंप, पाइप यांचं मोठं दुकान, सांगलीत शाखा. म्हणाले, दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या पोरांचं मी एकटा बघतो.

मी म्हटलं, "अजिबात नाही! ठिबकच्या अभ्यासाला ठिबकवाल्याचे पैसे? उद्या तो म्हणेल हे खोड, ते लिही."

अश्विनी एरवी हळू बोलणारी. त्या दिवशी फटकन म्हणाली, "तुझं बरं हाय गं. घरी तुझे आईवडील दोघं मिळवतात. तुला 'नाही' म्हणायला काय जातंय? वर्ष माझं जातंय."

आम्ही दोघी साताऱ्याला गेलो आणि बाईंना म्हणालो, तुम्हीच ठरवा.

"मला मत न्हाई. नियम हाय."

"नियम तुम्हीच केलाय ना?"

"म्हणून तर मोडत न्हाई. दुसऱ्यांनी केलेलं मोडते की."

शेठ ठरल्या दिवशी आले. मोठी पांढरी गाडी, मागं जीप. आधी फोटोग्राफर उतरला. मग दोन माणसांनी दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा चेक काढला. मग शाल, फेटा, हार, नारळ आणि एक निवेदक. आम्हाला वाटलं, बाईंचा सत्कार करायचा विचार दिसतो. तर नाही! शेठ खासगीत बाईंना म्हणाले, "पोरांची परिस्थिती मला म्हाईत हाय ओ. त्यांनी कुठनं आणायचं? म्हणून माझ्या सत्काराचं सामान मीच घेऊन आलोय. तुमी निस्तं घालायचं."

यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपण समजूतदार आहोत असंच वाटत होतं. मला हसू आवरेना आणि संतापही आवरेना.

बाई म्हणाल्या, "हे समदं गाडीत ऱ्हाऊ द्या. परीक्षेला दप्तर आत न्हेत न्हाईत."

"कुणाची परीक्षा हाय?"

"तुमची."

शेठ मोठ्यानं हसले. कुणीच हसेना, तेव्हा थांबले आणि खुर्चीवर बसले. समोर आम्ही तिघं: मी, अश्विनी आणि वाईचा एक अतिशय सभ्य मुलगा. त्यानं आल्या आल्या "काका, पाणी घेता का?" विचारून आमची सगळी जरब घालवली होती.

पहिला प्रश्न माझा. "तुम्हाला पैसे का द्यायचेत?"

"का म्हंजे? चांगलं काम हाय."

"चांगली कामं पुष्कळ आहेत. हेच का?"

"आवं ताई, देतोय तर घ्या की! म्हशीला कुणी इचारतं का, दूध का देतीस म्हणून?"

"म्हैस फोटोग्राफर आणत नाही," मी म्हटलं.

कोपऱ्यात शेंग फुटल्याचा आवाज आला. वाईचा मुलगा छताकडं बघायला लागला. आणि अश्विनीनं माझ्याकडं असं पाहिलं, की माझ्या तोंडात आलेलं पुढचं वाक्य मी गिळलं. मग ती स्वतः बोलली.

"शेठ, मी कडेगाव तालुक्यात ठिबकचा अभ्यास करते. जे संच पडून आहेत ते का पडलेत, ते बघते. त्यात तुमच्या दुकानातले संच आहेत."

शेठचा चेहरा बदलला. "म्हंजे माझ्याच पैशानं माझी अब्रू?"

"जे निघेल ते लिहिणार. चांगलं निघालं तर चांगलं."

"आन वाईट निघालं तर? न्हाई लिवलं तर चालंल?"

मला माहीत होतं, या एका उत्तरावर तिचं वर्ष आहे. तिलाही माहीत होतं. तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"नाही चालणार," अश्विनी म्हणाली.

शेठ उठले. चपला पायात सरकवल्या. खोटं कशाला लिहू, मला आतून बरंच वाटलं. बघा, मी म्हणत नव्हते? शेजारी अश्विनी ताठ बसून होती, आणि तिच्याकडं बघवत नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, एकदम शुद्ध. "क्षमा करा. पहिला अर्धा तास संपेपर्यंत परीक्षार्थीला जागा सोडता येत नाही."

आणि तो एवढा मोठा माणूस बसला! विचार करून नव्हे. पायच वळले त्याचे. आपल्याकडं शाळा सुटून कितीही वर्षं होवोत, पर्यवेक्षकाचा आवाज अंगातून जात नाही.

बसल्यावर त्यांनी कपाळ पुसलं. आमच्याकडं न बघता म्हणाले, "खरं सांगू का? माझ्या दुकानात शेतकरी येतोय, एजंट येतोय, पुढारी येतोय. शिकलेलं माणूस न्हाई येत. आलं तर पाइप घेतंय, बिल घेतंय, जातंय. मला वाटलं, पोरांस्नी पैसे दिलं तर चार शिकलेली माणसं चहाला तरी येतील. त्यात तुमी हे असलं इचारायलाय."

पत्रकात असल्या माणसासाठी जागा नसते. अश्विनीच्या वहीत मात्र होती. तिनं हात टेबलावर आणले आणि पेन उघडलं.

"मग मी विचारते. तुमचे संच पडून का राहतात?"

"मला इचारतीस?"

"तुम्हालाच. शेतकऱ्यांना विचारलं, सरकारी माणसांना विचारलं. दुकानदार कुणी बोलायला तयार नाही."

शेठ बोलायला लागले ते थांबेनात. कालव्याचं गढूळ पाणी, फिल्टर धुवायचा असतो हे कुणी न सांगणं, बसवायला पाठवलेली पोरं स्वतःच अडाणी, नळ्या कुरतडणारे उंदीर. मध्येच स्वतःवर चिडत. शेवटी म्हणाले, "आन मेन गोष्ट लिव. अनुदानाला शेतात संचाचा फोटो लागतोय. फोटो निघाला, की शेतकरीबी मोकळा, आमीबी मोकळं. मागनं त्या संचाचं काय झालं, कोण बघतंय? फोटो निघाला की संच मेला."

"व्हय?" बाई पहिल्यांदाच त्यांच्याशी गावच्या बोलीत, मायेनं बोलल्या. "मग शेठ, पोरांचा पगार देतानाबी फोटोवाला कशाला आणलाय?"

शेठनी बाहेर जीपकडं पाहिलं. मग फोटोग्राफरला हाक मारून म्हणाले, "तू जा रं. एसटीनं जा."

मत द्यायची वेळ आली. वाईचा मुलगा 'हो' म्हणाला. अश्विनी म्हणाली, "माझं मत धरू नका. यांचं दुकान माझ्या अभ्यासात आहे आणि माझा पगार यांच्या पैशात." तिनं हे म्हणायला नको होतं, असं मला त्या क्षणी वाटलं, कारण आता सगळं माझ्यावर आलं. बाईंकडं पाहिलं. त्या शेंगांची टरफलं गोळा करत होत्या.

मी म्हटलं, "एटीकेटी."

"म्हंजे?" शेठ घाबरले.

"म्हणजे पास, पण अर्धवट. तुमचा एकच वाटा घेणार, सगळ्यांसारखा. सगळी पोरं तुमच्या एकट्याच्या पैशावर नाहीत. बाकीचे देणगीदार तुम्ही शोधायचे. तेही इथं येऊन परीक्षा देतील. आणि जूनच्या आत."

शेठ बाहेर गाडीतल्या पुठ्ठ्याच्या चेककडं बघायला लागले. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या चेकचं आता काय करू?" बाईंनी तो ठेवून घेतला. पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीघराच्या फुटक्या खिडकीला तो छान बसला.

मला वाटलं होतं, शेठ परत तोंड दाखवणार नाहीत. माझा अंदाज साफ चुकला, कारण मला व्यवस्था कळत होती, सांगली कळत नव्हती. शेठनी आष्ट्यापासून मिरजेपर्यंत सगळ्या बाजारपेठेत सांगितलं, "साताऱ्याला जाऊन तोंडी दिली. लय कडक बाई हाय. तीन पोरांनी मला उलटा-सुलटा केला, पण निघालो पास! तुमच्यात हाय का दम?" एटीकेटीचा भाग त्यांनी गाळला. पण पंपवाले, बेदाण्याच्या शीतगृहाचे मालक, खतांचे विक्रेते यांचे फोन बाईंना यायला लागले. पैसे देऊ का असं कुणी विचारत नव्हतं. परीक्षा कधी आहे, असं विचारत होते. एका शनिवारी बाईंच्या व्हरांड्यात इस्त्रीचे कपडे घातलेली मोठमोठी माणसं रांगेनं बसलेली मी पाहिली. आत जाऊन आलेल्याला बाकीचे कुजबुजत विचारत होते, "काय इचारत्यात रं?"

तिघांना आम्ही नापास केलं. बाकीच्यांच्या वाट्यांत सगळे पगार बसले. एक जुलैला अश्विनीचा पगार तिच्या खात्यात होता. फौजी थांबला. फौजेतल्यांना पोस्टवर उभं राहायची सवय असते.

पुढच्या वर्षी तिचा अभ्यास पुरा झाला. बाईंची रीत होती, की ज्यांना विचारून लिहिलं त्यांना वाचून दाखवायचं. कडेगावला दूधसंस्थेच्या हॉलमध्ये तिनं मराठीत सगळं वाचलं. त्यात शेठच्या दुकानाचं प्रकरण होतं, आणि ते चांगलं नव्हतं. विक्रीनंतर कुणी फिरकत नाही, असं सरळ लिहिलेलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी तर टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अश्विनी बाईंकडंच होतो. शेठचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला. गेला एक देणगीदार, मी मनात म्हटलं. आणि अश्विनीच्या मागून येणाऱ्या पोरांचे पगारही अडकणार.

"बाई," शेठ म्हणाले, "कडेगावातनं रातच्यापासून मला आकरा फोन आले. तिनं काय लिवलंय ते कळलं."

"बरं मग?"

"मग काय! दोन पोरं ठेवलीत आजपासनं, निस्ती फिल्टर धुवायला शिकवत हिंडणार." मग दुकानातल्या कुणाला तरी त्यांनी थांबायला सांगितलं. "आन ते… माझी एटीकेटी ऱ्हायली हाय न्हवं. ह्या वर्षीची तोंडी कवा हाय?"

बाईंनी आमच्याकडं पाहिलं नाही. स्टूल ओढून बसल्या.

"तारीख कळवते," त्या म्हणाल्या. "पण शेठ, अवंदाची पोरं लय अवघड इचारणारी हायत. अभ्यास करून या."